एवढ्या वयात एवढं? ज्येष्ठ खेळाडू आणि डोपिंगचा संशय

आजचा भाग एका माफीपासून सुरू करतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यात पाच किलोमीटरची शर्यत झाली. आमचे नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, साठीच्या वरच्या गटात पहिले आले. नुसते पहिले नाही, चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या आधी पोचले. आधार कार्डावर वय ६४. जन्मतारीख अर्थातच १ जून, गुरुजींनी दिलेली.

आमचं गाव तुडील, महाडचा खाडीपट्टा. नाना पहाटे म्हाप्रळच्या रस्त्याला पळतात हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तरी भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला आणि कुणीतरी टाकलं, "नाना, कुठलं इंजेक्शन घेतलंत? आम्हाला पण सांगा की." त्यावर हसायचा पहिला इमोजी माझा होता. पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून टाकलेला.

त्यानंतर आठवडाभर नाना पळायलाच गेले नाहीत. काकूचा फोन आला, "अरे, मस्करी होती ते कळतं त्यांना. पण लागलं ना."

मग मी वाचायला बसलो. वयस्कर माणूस जोरात पळाला की आपल्याला आधी औषध का आठवतं? ही सवय आपल्याला कधी लागली?

तिशीतली "म्हातारी"

१९४८ चं लंडन ऑलिंपिक. नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कून. वय ३०, दोन मुलांची आई. लोक म्हणत होते, हिचं वय झालं, हिने घरी मुलं सांभाळावीत. तिने चार सुवर्णपदकं जिंकली. गंमत बघा, तेव्हा तिच्या वयावर टीका झाली, पण औषधाची शंका कुणाच्या डोक्यात नव्हती. कारण खेळात डोपिंगची चाचणीच नव्हती.

ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या १९६८ मध्ये. स्टेरॉइडची चाचणी आली १९७६ ला, माँट्रियलमध्ये. आणि १९८८ मध्ये सोलला बेन जॉन्सनचं १०० मीटरचं सुवर्ण काढून घेतलं, तेव्हा हा शब्द घराघरात पोचला. १९९९ मध्ये वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, स्थापन झाली. तिथून पुढे प्रत्येक विक्रमाला एक प्रश्न चिकटला. वय जास्त असेल तर तो प्रश्न दुप्पट मोठ्याने विचारला जातो.

शेजारची लेन

आता मर्लिन ओटीची गोष्ट. जमैकाची धावपटू, जन्म १९६०. १९९९ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिच्या नमुन्यात नँड्रोलोन सापडलं असं जाहीर झालं. लोकांनी मान डोलावली, "वाटलंच होतं." पण पुढच्या वर्षी ती बंदी उठली आणि ४० वर्षांची ओटी सिडनी ऑलिंपिकला उतरली. १०० मीटरमध्ये ती चौथी आली. पहिली आली अमेरिकेची मॅरियन जोन्स, वय २४.

सात वर्षांनी, २००७ मध्ये, जोन्सने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. तिची पदकं गेली आणि ओटीला कांस्य मिळालं. म्हणजे सगळे चाळिशीच्या बाईकडे संशयाने बघत होते, आणि औषध होतं चोविशीच्या मुलीकडे. ओटी पुढे स्लोव्हेनियाकडून खेळली. २०१२ च्या युरोपियन स्पर्धेत ती रिले पळाली तेव्हा ५२ वर्षांची होती.

२००८ मध्ये अमेरिकेची जलतरणपटू डारा टोरेस ४१ व्या वर्षी बीजिंगला गेली. लोक काय म्हणणार हे तिला आधीच माहीत होतं. म्हणून तिने स्वतःहून जादा चाचण्या मागून घेतल्या, रक्ताच्यासुद्धा. तिला तीन रौप्यपदकं मिळाली. ५० मीटरचं सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने. इतक्या चाचण्या देऊनही कुजबुज थांबली नाही. चाचणी फक्त "सापडलं" किंवा "सापडलं नाही" एवढंच सांगते. "घेतलंच नाही" हे सिद्ध करायची सोय कुणाकडेच नसते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर भाग एकतर्फी होईल. संशय दरवेळी खोटा नसतो. एडी हेलेबॉयक हा बेल्जियममध्ये जन्मलेला अमेरिकन मॅरेथॉनपटू. चाळिशीनंतर त्याने भन्नाट वेळा काढल्या. २००४ मध्ये त्याच्या चाचणीत ईपीओ सापडलं. रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं हे औषध. कित्येक वर्षं तो "मी नाही" म्हणत राहिला आणि २०१० मध्ये कबूल झाला.

आपल्याकडेही हवा फार स्वच्छ नाही. गेली काही वर्षं डोपिंगमध्ये सापडलेल्या खेळाडूंच्या जागतिक यादीत भारत वरच्या नंबरावर असतो. ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी वर आणायचं मेफेन्टरमाइन इंजेक्शन महाराष्ट्रातल्या जिममध्ये विकलं जातं आणि पोलीस त्यावर धाडी टाकतात, हे आपण पेपरात वाचतोच. ग्रुपवरचा तो जोक हवेतून आला नव्हता.

नव्वदीतली कलेजी

या सगळ्यात मला सर्वात जास्त लागलेली केस कार्ल ग्रोव्हची. अमेरिकेतले सायकलपटू, वय ९०. जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धेत त्यांनी आपल्या वयोगटातला विश्वविक्रम केला. त्याच दिवशी, ११ जुलैला, घेतलेल्या नमुन्यात ट्रेनबोलोनचा अंश सापडला. गुरांचं मांस वाढवायला वापरतात ते स्टेरॉइड. जगभर हेडलाइन झाली, नव्वदीचे आजोबा डोपिंगमध्ये सापडले.

पण आदल्या दिवशीचा त्यांचा नमुना स्वच्छ होता. मधल्या रात्री त्यांनी गुराची कलेजी खाल्ली होती. बहुधा त्यातूनच हे आलं असावं, असं तपास करणाऱ्या अमेरिकन संस्थेनेच मान्य केलं आणि फक्त जाहीर ताकीद दिली. तरी त्या दिवसाचा निकाल रद्द झाला आणि विक्रम गेला.

आपल्या लताबाई

आता बारामतीला या. दहा-बारा वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या लता भगवान करे तिथल्या ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून. पुढेही त्या जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये त्याचा खास उल्लेख झाला.

त्यांच्यावर कुणी इंजेक्शनचा जोक केल्याचं मी तरी ऐकलं नाही. मग नानांवर का? मला वाटतं, नानांच्या पायात स्पोर्ट्स शूज होते आणि हातात मुलाने दिलेलं घड्याळ. लताबाईंना आपण देवी केलं, नानांना चोर. आणि दोन्हीकडे एकच गोष्ट बघायची राहिली, ती म्हणजे आधीची वर्षं. लताबाईंचं सगळं आयुष्य कष्टाचं, पायी चालण्याचं. ते काही शर्यतीच्या दिवशी सकाळी सुरू झालं नव्हतं.

आमच्या शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. कोंढाण्यावर ऐंशी वर्षांचे शेलारमामा लढले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. "ऐंशीव्या वर्षी कसं शक्य आहे?" असं वर्गात कुणी विचारलं नाही. गोष्टीतल्या म्हाताऱ्यावर आपला पटकन विश्वास बसतो. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्यावर बसत नाही.

नानांचं कालनिर्णय

होळीला गावी गेलो. स्वयंपाकघरात खिळ्याला आठ वर्षांची कालनिर्णयं एकावर एक टांगलेली. प्रत्येक तारखेखाली पेन्सिलने आकडे. एसटी थांब्यापासून ठरलेल्या मोरीपर्यंत जाऊन-येऊन लागलेली वेळ. आठ वर्षांपूर्वी २६ मिनिटं, आता २८. म्हणजे नाना अचानक वेगवान झालेच नव्हते. उलट दरवर्षी थोडे हळू होत होते, फक्त थांबले नव्हते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले काही बिघडलं की आधी लॉग बघतो. डोपिंग पकडणारेही आता तेच करतात. २००९ पासून वाडाने "बायोलॉजिकल पासपोर्ट" आणला. त्यात खेळाडूच्या रक्ताची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदींशी होते. "या वयात हे शक्य आहे का?" यापेक्षा "या माणसात अचानक काय बदललं?" हा प्रश्न जास्त कामाचा. नानांच्या खिळ्यावर त्याचं उत्तर आठ वर्षं लटकत होतं, मी बघितलं नव्हतं.

अजून एक गोष्ट. त्यांच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटावर मी नाव वाचलं, हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवी वाढवणारं औषध. आणि हे वाडाच्या यादीत कायम बंदी असलेलं आहे, कारण त्याने दुसरं औषध लपवता येतं. मधुमेहाचं इन्सुलिनसुद्धा त्या यादीत आहे. नानांना सांगितलं तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे तू बरोबर होतास म्हण की."

"नाही नाना," म्हटलं. डॉक्टरांनी दिलेल्या औषधासाठी नाडाकडून, म्हणजे आपल्या राष्ट्रीय संस्थेकडून, सवलत मागता येते. गावच्या शर्यतीत कोण तपासायला येत नाही, पण मोठ्या स्पर्धेत उतरायचं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा पळत असतील तर हे लक्षात ठेवा. आणि यादीत नाव दिसलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. पदकापेक्षा बीपी महत्त्वाचं.

त्या रात्री मी ग्रुपवर कालनिर्णयांचा फोटो टाकला, आठही वर्षांचा. खाली लिहिलं, "नाना, चुकलो." उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आलं. नुसता आकडा होता, २८.१०.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.