शिक्का वेगळा, किल्ली वेगळी

दिवाळीत माळा आवरताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आत वाटणीचा एक जुना कागद होता. दोन भाऊ, एक विहीर, वरचा आणि खालचा तुकडा. खाली सह्या, अंगठे, साक्षीदार, सगळं रीतसर. पण मजकुराची शेवटची ओळ आणि पहिली सही यांच्यामध्ये चार बोटं जागा मोकळी राहिली होती, आणि त्या जागेत वेगळ्या शाईनं दीड ओळ बसवलेली होती, विहिरीच्या पाण्याबद्दल. त्या दीड ओळीपायी आमच्या दोन घरांत बावीस वर्षं बोलणं नव्हतं. (हा ब्लॉग दोन्हीकडची मंडळी वाचतात. ओळ कुणी लिहिली ते मला माहीत नाही, आणि आता शोधायचंही नाही.)

सह्या खऱ्या, कागद खरा, साक्षीदार खरे. तरी कागद काय म्हणतो यावर कुणाचा विश्वास नाही!

माझं पोटापाण्याचं काम प्रोग्राम लिहिण्याचं. कागद बघून मला माझीच एक जुनी चूक आठवली. निरोप पाठवण्याच्या एका प्रोग्राममध्ये मी मजकूर लपवायला आणि त्याच्या खरेपणाची खूण करायला एकच किल्ली वापरली होती. काम तपासणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "चिटणीसच साक्षीदार का रे?" तेव्हा मी नुसता हसलो. त्यांचं म्हणणं नीट समजायला मला इतिहासात शिरावं लागलं.

आपण 'शिक्कामोर्तब' एका दमात म्हणतो, पण ते दोन वेगळे ठसे आहेत. शिक्का पत्राच्या माथ्यावर: पत्र कुणाचं ते सांगणारा. मोर्तब मजकुराच्या शेवटी: पत्र इथं संपलं हे सांगणारं. शिवाजी महाराजांच्या पत्रांत शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा लहान ठसा असतो. पेशवाईत त्याच जागी 'लेखनसीमा' दिसतं. त्याखाली कुणी काही लिहिलं तर ते सरकारचं नव्हे. पत्र लांबलं की कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवत, आणि पाठीमागे सांध्यांवरही ठसे उमटवत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालता येऊ नये. मजकूर लिहिणं चिटणीसाकडे, तर राजपत्रं तपासून अधिकउणं अक्षर दुरुस्त करणं सचिवाकडे. लिहिणारा हात वेगळा, खरं ठरवणारा हात वेगळा. आमच्या आजोबांच्या कागदावर शिक्का होता, मोर्तब नव्हतं, एवढाच काय तो घोळ.

आता दुसरी बाजू, लपवण्याची. त्यासाठी लांब जायला नको, आमचंच गाव पुरे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. सप्टेंबर १६५७ मध्ये दिल्लीत शाहजहान आजारी पडला. दख्खनचा सुभेदार औरंगजेब तेव्हा बीदर-कल्याणीच्या मोहिमेवर होता. दारा शुकोह बापाजवळ होता आणि बाहेर जाणाऱ्या बातम्या त्यानं अडवल्या. परतीच्या वाटेवर, ऑक्टोबरात, औरंगजेबानं गुजरातेत असलेल्या धाकट्या भावाला, मुरादला, एका सांकेतिक लिपीची किल्ली पाठवली. पुढची पत्रं या लिपीत लिहायची असं ठरलं. गुजरात ते औरंगाबाद रस्त्यावर टप्प्याटप्प्यानं जासूद बसवले गेले. थोडक्यात, लपवण्याची व्यवस्था चोख.

आणि त्याच आठवड्यांत दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं? शाहजहान जिवंत होता. त्याच्या हस्ताक्षराची, त्याच्या शिक्क्याची पत्रं मुलांकडे येत होती. पण मुलं म्हणत, दारा बापाचं अक्षर हुबेहूब काढतो आणि शिक्काही आता त्याच्याच हातात आहे, तेव्हा ही पत्रं खरी कशावरून? हे त्यांना मनापासून वाटत होतं की सोयीचं होतं, हा भाग निराळा. पण शिक्का कुणाच्या ताब्यात आहे याची खात्री गेली, की ठसा कितीही सुबक असो, त्याची किंमत शून्य. पुढं १६५८ साली धर्मत आणि सामूगढच्या लढाया झाल्या. जून १६५८ मध्ये औरंगजेबानं मुरादलाही कैद केलं आणि १६६१ साली ठार करवलं. लिपीची किल्ली परक्यापासून वाचवते, ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे त्याच्यापासून नाही.

म्हणजे लपवलेलं पत्र खरं असतंच असं नाही, आणि शिक्क्याचं पत्र गुप्त असतंच असं नाही. दोन कामं, दोन वस्तू.

इथं कुणी म्हणेल, पत्र जर सांकेतिक लिपीत असेल तर त्यात बदल करणार कसा? वाचताच येत नाही ना! मलाही असंच वाटायचं. मग 'ध चा मा' आठवा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादांच्या चिठ्ठीतल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, असं परंपरा सांगते. गोष्ट सांगोवांगीची धरून चाला, पण धडा पक्का आहे: एका अक्षरात माणूस जातो. संगणकाच्या काही लिप्यांत मजकुराचा प्रत्येक बिट किल्लीतून निघालेल्या एकेका बिटमध्ये मिसळतात. गुप्त मजकुरातला एक बिट उलटवला की उघडल्यावर नेमका तोच बिट उलटा निघतो. 'ध' कुठल्या जागी आहे एवढं ठाऊक असलं, की किल्ली नसतानाही त्याचा 'मा' करता येतो! वायफायच्या पहिल्या सुरक्षापद्धतीत, वेपमध्ये, हेच शक्य असल्याचं २००१ साली संशोधकांनी दाखवलं. तिथं तपासणीची बेरीज होती, पण ती किल्लीशिवाय काढलेली. मजकूर बदलणारा बेरीजही बदलून ठेवी.

म्हणून किल्लीनंच काढलेली खूण लागते. तिला मॅक म्हणतात, मेसेज ऑथेंटिकेशन कोड. ते आपलं मोर्तब. मग माझी चूक काय होती? मी सीबीसी नावाच्या पद्धतीनं मजकूर लपवला, आणि त्याच पद्धतीनं, त्याच किल्लीनं, त्याच आरंभापासून खूणही काढली. अशी खूण म्हणजे गुप्त मजकुराचाच शेवटचा तुकडा असतो. वाटेत कुणी आधीचे तुकडे बदलले, तरी घेणारा ते उघडतो, पुन्हा त्याच किल्लीनं खूण काढतो, आणि फिरून त्याच शेवटच्या तुकड्यावर येतो. खूण दर वेळी जुळणारच! साक्षीदार म्हणून ज्यानं लिहिलं त्यालाच उभं करायचं आणि विचारायचं, बाबा, बरोबर आहे का? तो काय नाही म्हणणार? बाईंचं वाक्य ते हेच.

उपाय साधा आहे. दोन किल्ल्या. दोन सांभाळणं जड वाटत असेल तर एका मूळ किल्लीतून वेगवेगळ्या नावांनी दोन काढाव्यात. एचकेडीएफ नावाची रीत (२०१०) हेच करते. आईवरून दोघी मुली निघतात, पण एका मुलीवरून दुसरी ओळखता येत नाही. क्रमही महत्त्वाचा: आधी मजकूर लपवायचा, मग त्या बंद लखोट्यावर खूण करायची. घेणाऱ्यानं आधी खूण तपासायची, जुळली तरच लखोटा उघडायचा. आधी उघडून मग कुरकुर केली तर कुरकुरीवरूनच चोराला मजकूर कळत जातो, हे वोदने नावाच्या संशोधकानं २००२ साली दाखवलं. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये, म्हणजे बँकेच्या पानावर दिसणाऱ्या कुलपामागच्या नव्या आवृत्तीत, लपवणं आणि खूण एकत्र बांधून देणाऱ्याच पद्धती ठेवल्या. त्यातली जीसीएम एकच किल्ली मागते, पण खुणेची वेगळी किल्ली ती आतल्या आत काढून घेते. तिची अट एकच. प्रत्येक निरोपाचा क्रमांक वेगळा हवा. एकाच किल्लीखाली तोच क्रमांक दोनदा वापरला, तर त्या दोन निरोपांवरून खुणेचा साचाच शोधून काढता येतो. मग कुणीही आपल्या नावानं मोर्तब करावं!

असो. फार झालं संगणकाचं.

परवा दोन्ही घरची माणसं आमच्याकडे जेवायला होती. पेटीतला कागद मी मध्ये ठेवला आणि वरची गोष्ट सांगितली, १६५७ सकट. धाकटे काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या दोघांच्या सह्या खऱ्याच होत्या की." थोरले काका काही बोलले नाहीत, पण आमटी त्यांनीच पुढं सरकवली.

नवा कागद करायचं ठरलंय. मजकूर पुतणी लिहिणार, तपासणार दुसऱ्या घरातलं कुणीतरी. चेकवर रकमेनंतर आपण 'फक्त' लिहून रेघ ओढतो ना, तशी शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची. ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे.