आळीतले क्रूस आणि प्लेगचे साल

मुंबई बेटावर आणि साष्टीत रस्त्याकडेला उभे असलेले क्रूस पाहिले की बहुतेकांना ते पोर्तुगीज अमदानीचे वाटतात. दगड काळवंडलेला, चौथरा पायऱ्यापायऱ्यांचा, दिव्यासाठी कोनाडा; एवढ्यावरून आपण त्यांचे वय ठरवून मोकळे होतो. चौथऱ्यावरील अक्षरे वाचण्यासाठी थांबणारा विरळाच. परंतु जे थांबतात त्यांना एक गोष्ट पुन:पुन्हा आढळते. यांतील पुष्कळ क्रूस पोर्तुगिजांनी वसई सोडल्यानंतर दीडशे वर्षांनी उभे राहिले, आणि १८९६ हे साल व त्यापुढची काही वर्षे त्यांच्यावर वारंवार दिसतात. ती वर्षे प्लेगची होत.

हे क्रूस ना सरकारने उभारले ना कोणा बिशपमहोदयांनी. आळीतल्या दहा-वीस कुटुंबांनी वर्गणी काढली, पाथरवट बोलावला आणि आपल्या दाराशी आपला नवस दगडात कोरून घेतला. अलीकडे ज्याला सार्वजनिक कला म्हणतात तिचा याहून अस्सल नमुना आम्हांला ठाऊक नाही. तरीही आमच्या इतिहासलेखनात चर्चच्या कमानींवर पानेच्या पाने खर्च होतात आणि आळीतल्या क्रूसाला एक ओळही लाभत नाही. ही उपेक्षा आम्हांस खटकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा इतिहास पोथ्यांत कमी आणि रस्त्यावर अधिक आहे. तो फिरूनच वाचावा लागतो. मोटार त्यासाठी निरुपयोगी, कारण ती या पाखाड्यांत शिरतच नाही. पायी एका दिवसात फार पल्ला गाठता येत नाही. सायकल मात्र या कामासाठीच घडवल्यासारखी वाटते: कोठेही एक पाय टेकून उभे राहावे, वाचावे आणि पुढे निघावे. गर्दीच्या लोकलमध्ये सायकल चढवणे आमच्या शक्तीपलीकडचे. ती वांद्र्याच्या एका स्नेह्यांच्या ओट्याखाली ठेवलेली असते. दक्षिण मुंबईत बेस्टची बस आणि आपले पाय पुरेसे होतात. वसई-विरारच्या ज्या वाचकांचे अर्धे आयुष्य चर्चगेट लोकलमध्ये जाते, त्यांनी एखाद्या सुटीच्या दिवशी त्याच गाडीने हा प्रवास करून पाहावा.

आरंभ चर्चगेटपासून करावा. स्थानकापासून हाकेच्या अंतरावरील क्रॉस मैदानाला हे नाव तेथील जुन्या क्रूसावरून पडले. या भागात पूर्वी ‘नोस्सा सेन्योरा द एस्पेरान्सा’ म्हणजे आशामातेचे चर्च होते. किल्ल्यासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी जागा हवी म्हणून इंग्रजांनी १७६० साली ते हलवले आणि नवे चर्च काव्हेलला बांधले गेले. क्रूस मागे राहिला. आज मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या शेकडो मुलांच्या तोंडी त्याचे नाव असते. ते कोणत्या क्रूसाचे, हे त्यांतील कितीजणांना माहीत असेल?

तेथून धोबीतलावपर्यंत चालत गेले की मेट्रो चित्रपटगृहासमोर डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. गोव्यातील हडफडे येथे १८५६ साली जन्मलेल्या या ख्रिस्ती डॉक्टरांनी २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. मुंबईत प्लेग आहे असे उघडपणे म्हणणे त्या काळी व्यापाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना परवडणारे नव्हते. निदान खरे ठरले आणि शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक गावोगाव निघून गेले होते. बसची वाट पाहणारे लोक या पुतळ्याकडे पाठ करून उभे असतात. पुतळ्यांच्या नशिबी हेच असते.

क्रूसांचा अर्थ समजण्यासाठी त्या दिवसांत घरांच्या भिंतींवर काय लिहिले जाई ते जाणून घ्यावे लागते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. पथके घराघरांत शिरू लागली. रोग्यांना इस्पितळात आणि त्यांच्या माणसांना छावणीत नेऊ लागली. घरात प्लेगने मृत्यू झाला की भिंतीवर तारीख लिहून तिच्याभोवती लाल वर्तुळ काढीत. एका भिंतीवर अशी पाच-सहा वर्तुळे दिसत. जे घर राहण्यास नालायक ठरे त्याच्यावर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. सरकारने आळीच्या भिंतीवर आपला निकाल असा लिहून ठेवला होता. आळीने आपले उत्तर तिठ्यावर दगडात लिहिले. सरकारची अक्षरे चुन्याच्या एका हातात पुसली गेली, दगडाची राहिली.

जुनी माणसे सांगत की साथीच्या भीतीने चर्चमध्ये दाटीवाटीने जमणे टळू लागले, तेव्हा संध्याकाळची जपमाळ क्रूसापाशी, उघड्यावर म्हटली जाऊ लागली. त्यासोबत प्लेगपासून रक्षण करणाऱ्या संत सेबॅस्टियन व संत रोक यांचा धावा होई. मे महिन्यात क्रूसाला फुलांच्या माळा घालून लादीन म्हणण्याची आणि शेवटी उकडलेले चणे वाटण्याची चाल आजही पुष्कळ पाखाड्यांत आहे. ३ मे चा क्रूसशोधाचा सण १९६० साली ख्रिस्तसभेच्या सर्वसाधारण पंचांगातून वगळला गेला. पाखाडीने मात्र आपला मे महिना सोडला नाही, आणि आम्हीही कधी कोणाला सोडावयास सांगितले नाही.

गिरगावातील खोताचीवाडी याच मार्गावर लागते. दादोबा वामन खोत या जमीनदारांच्या नावाने वसलेल्या या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी सज्जांची घरे बांधली. वाडीतील क्रूसाचे छोटे प्रार्थनास्थळ प्लेगच्याच काळाची आठवण आहे. मग चर्नी रोडला गाडी पकडून वांद्रे गाठावे.

वांद्र्यात प्रथम हिल रोडने संत आंद्रियाच्या चर्चकडे जावे. आवारातील एकसंध दगडाचा, सुमारे सतरा फूट उंचीचा क्रूस मूळचा येथला नव्हे. तो जेजुइटांच्या संत आन्नाच्या विद्यालयापुढे होता. १७३९ साली मराठ्यांच्या हाती पडून माहीमच्या खाडीला धोका होऊ नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने ते विद्यालय पाडण्यात आले. (मित्राने मित्राची वास्तू पाडावी आणि शत्रूला दोष द्यावा, हे इतिहासात नवे नाही.) क्रूस तेवढा वाचला. त्याच्यावर प्रभूच्या दु:खसहनाची चिन्हे खालपासून वरपर्यंत कोरलेली आहेत: हातोडा, सांडशी, खिळे, शिडी, भाला, काट्यांचा मुकुट, पेत्राला जागे करणारा कोंबडा, शिपायांचे फासे. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्यासाठी हे संपूर्ण शुभवर्तमान होते. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना एकेक चिन्ह ओळखू द्या. आम्ही तसे करून पाहिले आहे आणि अर्धा तास कसा गेला ते कळले नाही.

प्लेगच्या काळातील पाखाडीच्या क्रूसांवर एवढी कलाकुसर नाही. पाथरवट साधा, पैसा थोडा, घाई फार. परंतु त्यांच्यावर एक गोष्ट आहे जी मोठ्या क्रूसावर सहसा सापडत नाही: कोणी उभारला ते. कोठे एका कुटुंबाचे नाव, कोठे नुसते ‘रहिवाशांनी’. रनवार, चिंबई, पाली या बाजूला सायकल वळवली की आणखी एक गंमत ध्यानात येते. काही क्रूस आजच्या रस्त्याकडे पाहतच नाहीत. एखाद्या भिंतीकडे तोंड करून उभे असतात. जिकडे क्रूसाचे तोंड, तिकडे जुनी वाट.

याच भागात चॅपल रोडवरून जाताना भिंतींवरची नवी चित्रे लक्ष वेधून घेतात. रणजित दहिया या चित्रकाराने २०१२ साली येथे अनारकली रंगवली, आणि २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनला दूरध्वनी खात्याच्या प्रचंड इमारतीवर दादासाहेब फाळके चितारले. आमच्यातील काही वडीलधाऱ्यांना ही चित्रे आवडत नाहीत. आम्हांला ती आवडतात. तरुण मुले त्यांच्या निमित्ताने पाखाडीत येतात हेही काही कमी नाही. फरक एवढाच की ही चित्रे पाहुण्यांनी काढली, क्रूस घरच्यांनी उभारला. भिंत पडली की चित्र जाते, आणि जुन्या बंगल्यांच्या जागी इमारती होत असताना भिंती रोज पडत आहेत.

क्रूसही जातात. रस्ते, उद्याने अशा सार्वजनिक जागांतील अनधिकृत धार्मिक बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये आदेश दिला. नवी बांधकामे होऊ द्यायची नाहीत आणि जुन्यांचा प्रत्येकी विचार राज्यांनी करायचा, असा त्याचा आशय होता. आदेश सर्व धर्मांना सारखा आहे आणि त्याचा हेतू रास्त आहे. पण एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील १८९५ सालचा, म्हणजे प्लेगच्याही आदल्या वर्षाचा क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे लख्ख उजेड पडला. अशा वेळी क्रूस किती जुना, जागा कोणाची, हे कागदाने दाखवावे लागते. आळीपाशी कागद नसतो. तिच्यापाशी असतो तो चौथऱ्यावर कोरलेला आकडा.

आणि तो आकडा आपणच बुजवीत आहोत. हे कठोर वाटेल, पण लिहिणे भाग आहे. दरवर्षी मे महिन्यापूर्वी भक्तिभावाने तैलरंगाचा एक हात दिला जातो. दहा वर्षांत अक्षरे भरून येतात. मग कोणी आखाती देशातून आलेला सज्जन चौथऱ्याला न्हाणीघराच्या चकचकीत फरशा बसवून देतो, त्यावर आपल्या दिवंगत आईवडिलांची नवी संगमरवरी पाटी लावतो, आणि १८९७ सालची आळी फरशीखाली जाते. हातोड्याने जेवढे क्रूस गेले त्याहून अधिक क्रूसांचे साल फरशीने गिळले आहे, असे आम्हांला या भटकंतीत वाटत आले. वसईच्या आळ्यांतही हेच चालले आहे. पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ अशी सायकल फिरवा आणि स्वत:च मोजा.

प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन तरुणांनी सायकली काढून हे काम एका उन्हाळ्यात उरकता येईल. एक वही, एक छायाचित्र, आणि आळीतल्या सर्वांत वृद्ध बाईंना विचारलेला एक प्रश्न: दगड कोणी आणला होता? रंग खरवडू नका, दगड दुखावतो. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात क्रूसाच्या बाजूला उभे राहून पाहिले की पाच-सहा थरांखालचा आकडाही सावलीने वर येतो. भर दुपारी तोच चौथरा कोरा दिसतो. म्हणून आम्ही पहाटेची पहिली मिस्सा आटोपली की लगेच निघतो, आणि दहाच्या आत वही मिटतो.