फाटकाजवळचा सायकस

सिव्हिल लाइन्स किंवा धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यांसमोरून जाताना फाटकाजवळ बघा. ठेंगणं, खरबरीत खोड आणि वर टोचणाऱ्या पानांचा घेर दिसला की समजा, सायकस. नर्सरीत त्याला ‘पाम’ म्हणतात, पण ते नारळ-सुपारीच्या नात्यातलं नाही. त्याला फूल नाही, फळ नाही, बी उघडीच. नातं लावायचंच तर पाइनशी.

बीएस्सीला बॉटनी शिकताना आम्ही ‘जिवंत जीवाश्म’ लिहून मार्क मिळवायचो. नागपूरकरांना हा शब्द आवडतोही. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये इथे आले आणि फावल्या वेळात दगडांतली पानं गोळा करत हिंडले. त्यांच्या संग्रहावर चार्ल्स बनबरींनी १८६१मध्ये लंडनला निबंध प्रसिद्ध केला. सायकसचं घराणंही तितकंच पुराणं, कोट्यवधी वर्षांचं. पण आजच्या जाती तशा नव्या. २०११च्या एका डीएनए अभ्यासानुसार त्यांतल्या बहुतेक गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्या. डायनासोर त्याआधी पाच कोटी वर्षं संपले होते!

मला डायनासोरपेक्षा माणसांची गोष्ट मोठी वाटते. आपल्या बागांतला नेहमीचा सायकस, म्हणजे सायकस रेव्होल्युटा, मूळचा दक्षिण जपानचा. हे नाव थुनबर्ग या स्वीडिश डॉक्टरनं १७८२मध्ये दिलं. १८९६मध्ये टोकियोत इकेनो यांना याच झाडात पोहणारे शुक्राणू दिसले. झाडात! पण ओकिनावाच्या शेतकऱ्यांसाठी हे दुष्काळाचं अन्न होतं. खोडात आणि बियांत स्टार्च असतो, सोबत विषही. धुऊन, आंबवून, वाळवून ते काढावं लागतं. १९२०च्या दशकात साखरेचे भाव कोसळले, ऊस पिकवणारी घरं उपाशी पडली आणि लोक सायकसवर आले. घाईत विष नीट न काढलेल्यांतले काही मेले. त्या काळाला तिथे ‘सोतेत्सु जिगोकु’, म्हणजे सायकस-नरक, म्हणतात.

इकडे तेच झाड शोभेचं. नागपूरच्या मे महिन्यात ते तग धरतं. मुळांच्या गाठींत नायट्रोजन धरणारे सूक्ष्मजीव राहतात, म्हणून हलकी जमीनही चालते. त्याला मारतं ते पावसाळ्यात काळ्या मातीत साचलेलं पाणी. मुरूम-वाळू घालून उंचवटा करून लावलेलं झाड टिकतं.

आणि मारतो जेसीबी. आमच्या गल्लीतला बंगला फ्लॅट स्कीमला गेला, तेव्हा पुरुषभर उंचीचा सायकस मलब्यासोबत ट्रकमध्ये गेला. हे झाड तेवढं वाढायला काही दशकं घेतं. ते तिथे बहुधा घरमालकाच्या वडिलांनी लावलं असणार. माळीकाकांनी आदल्या दिवशी बुंध्याची तीन पिल्लं काढून ठेवली होती. जखम सावलीत वाळवून त्यांनी ती कोरड्या वाळूत रोवली. एक माझ्या गच्चीवर आहे. दोन वर्षांत चार पानं आली. शेजारच्या कुत्र्याला मात्र मी तिकडे फिरकू देत नाही.