राष्ट्रीय न्यास अधिनियम व पालकाधार

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असणाऱ्या व्यक्तींच्या कल्याणार्थ भारतीय संसदेने १९९९ मध्ये केलेला कायदा. आपल्या पश्चात या लेकराचे कोण करील, ही आईबापांची जन्मभराची धास्ती त्याच्या मुळाशी आहे. कारण वयाची १८ वर्षे पूर्ण होताच नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते आणि मुलाचे बँकखाते चालविणे वा त्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहणे जन्मदात्या आईलाही दुरापास्त होऊन बसते. म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला मुलकी अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती यांच्या स्थानिक समितीकडे पालकनियुक्तीचा अखत्यार सोपविण्यात आला. नियुक्त पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी व पुढे दरसाल जमाखर्चाचा हिशेब समितीस सादर करावयाचा असतो. या दफ्तरी जाचाला सामान्य पालक बिचकतो, तरी तो अपंगाच्या हिताचाच आहे. या कायद्यान्वये स्थापिलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. सांभाळ करणाऱ्यासाठीच्या भत्त्याची तरतूद मात्र २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आढळते. तीही शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, या सावध पुस्तीसह, आणि हा भत्ता अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीस देय आहे, तिच्या उशाशी जागणाऱ्यास नव्हे.