प्रेपची गोळी आणि मोजणीत हरवलेल्या बायका

आमच्या बचत गटांच्या बैठकीत एचआयव्हीचा विषय निघाला, की बोलणे बहुतेक वेळा लागण झाल्यानंतरच्या औषधांवर येऊन थांबते. लागण होण्याआधीच घ्यायची गोळीही असते, हे फार थोड्याजणींना ठाऊक असते. तिला प्रेप म्हणतात. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे त्या एका गोळीत असतात. ज्यांना लागण झालेली नाही पण धोका आहे, त्यांनी ती रोज घ्यायची.

आज आम्ही या गोळीचा इतिहास सांगणार आहोत, आणि तो ट्रान्स स्त्रियांच्या बाजूने. जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगा म्हणून झाली, पण ज्या स्वतः स्त्री आहेत, त्या ट्रान्स स्त्रिया. आपल्याकडे ज्यांना तृतीयपंथी म्हणतात, त्यांतल्या पुष्कळजणी याच. नाकोच्या २०२१ च्या पाहणीत हिजडा आणि ट्रान्सजेंडर गटात एचआयव्हीचे प्रमाण ३.७८ टक्के आढळले. देशातल्या सगळ्या प्रौढांत ते ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. गोळीची गरज कोणाला जास्त, ते यावरून कळते.

या गोळीची पहिली मोठी चाचणी २००७ मध्ये सुरू झाली. नाव आयप्रेक्स. पेरू, इक्वेडोर, ब्राझील, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या सहा देशांतले २,४९९ जण तिच्यात होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे कोणालाच माहीत नव्हते. २०१० मध्ये निकाल आला. बिनऔषधाच्या गटात ६४ जणांना लागण झाली, औषधाच्या गटात ३६ जणांना. धोका ४४ टक्क्यांनी उतरला. जगभर बातमी झाली आणि २०१२ मध्ये अमेरिकेने गोळीला मान्यता दिली.

त्या निबंधाच्या मथळ्यात मात्र फक्त ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ होते. चाचणीतल्या ३३९ जणी ट्रान्स स्त्रिया होत्या, आणि त्या पुरुषांच्या बेरजेत गेल्या. त्यांचा हिशेब वेगळा मांडून छापायला २०१५ साल उजाडले. तो मांडल्यावर दिसले ते असे: औषधाच्या गटातल्या ११ ट्रान्स स्त्रियांना लागण झाली आणि बिनऔषधाच्या गटातल्या १० जणींना. म्हणजे गोळीचा उपयोगच नाही, असे कोणीही म्हणेल. पण रक्ताच्या तपासणीने वेगळेच सांगितले. लागण झाली त्या वेळी त्या अकराजणींपैकी एकीच्याही रक्तात औषध नव्हते. आणि ज्यांच्या रक्तात आठवड्याला चार किंवा जास्त गोळ्यांइतके औषध सापडले, त्यांच्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. गोळी फसली नव्हती, ती पोटात गेलीच नव्हती.

अशा वेळी ‘बेफिकीर असतात त्या’ असे म्हणून मोकळे होणारे खूप भेटतात. आम्हाला ते पटत नाही. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या कितीजणींच्या डब्यात तशाच पडून राहतात, हे आपण जाणतो, आणि त्याची कारणेही जाणतो. आफ्रिकेतल्या बायकांवर झालेल्या ‘व्हॉइस’ नावाच्या मोठ्या चाचणीतही हेच झाले. गोळ्या घेऊन जायच्या, पण रक्तात औषध सापडायचे नाही. गोळीची बाटली कोणी पाहिली तर आपल्यालाच एचआयव्ही आहे असे लोक समजतील, ही भीती त्यांना होती.

ट्रान्स स्त्रियांची भीती आणखी एक होती, ती हार्मोनची. शरीराला स्त्रीचे रूप यावे म्हणून त्या हार्मोन घेतात, आणि त्यांच्यासाठी ते औषध सगळ्यांत आधी येते. प्रेपने हार्मोनचा परिणाम कमी झाला तर? या प्रश्नाला दवाखान्यात उत्तर नव्हते, कारण तो कोणी तपासलाच नव्हता. आयप्रेक्समध्येही हार्मोन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांच्या रक्तात गोळी कमी सापडली होती.

उत्तर आले बँकॉकहून. तिथे थाई रेडक्रॉसच्या एड्स संशोधन केंद्राने २०१५ मध्ये टँजरीन नावाचे क्लिनिक उघडले. हार्मोनचा सल्ला, रक्ततपासणी आणि एचआयव्हीची सेवा एकाच छताखाली, आणि काम करणाऱ्यांत ट्रान्स स्त्रिया. बाई हार्मोनसाठी येते, तिथेच प्रेपही मिळते. तिथल्याच संशोधकांनी २० ट्रान्स स्त्रियांवर हार्मोन आणि प्रेप एकत्र देऊन पाहिले. २०१९ मध्ये निष्कर्ष छापला: प्रेपने हार्मोनची पातळी घटत नाही. उलट बाजूने रक्तातले टेनोफोविर सुमारे १३ टक्के घटते. वीसजणी म्हणजे फार नव्हेत, पण विचारणाऱ्या बाईला सांगायला काहीतरी मिळाले. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आता आपल्याकडे येऊ. २०२१ मध्ये हैदराबादला ‘मित्र’ क्लिनिक सुरू झाले, ट्रान्स लोकांनीच चालवलेले. पुढे कल्याण आणि पुण्यातही त्याच्या शाखा निघाल्या. हार्मोन, समुपदेशन, एचआयव्हीची तपासणी आणि औषध, सगळे तिथे होते. पैसा अमेरिकन सरकारच्या मदतीतून येई. जानेवारी २०२५ मध्ये ती मदत थांबवण्याचा आदेश निघाला आणि तिन्ही क्लिनिकला कुलूप लागले. कागदावर नाकोची प्रेपविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ पासून आहेत, गोळी भारतीय कंपन्याच बनवतात. बंद झाली ती जिथे बाईला तिच्या नावाने हाक मारत होते, ती खोली. त्याच वर्षी टाटा ट्रस्टच्या मदतीने हैदराबादचे क्लिनिक ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उघडले.

गोळीबद्दल दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ती सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी लागते, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी, आणि मूत्रपिंडाचीही पाहतात. इतर गुप्तरोग ती अडवत नाही, त्यामुळे कंडोम सुटत नाही. आपल्या गटात, शेजारात, नात्यात कोणाला विचारायचे असेल तर नाकोची मोफत हेल्पलाइन आहे, १०९७. प्रेपची चौकशी तिथे करता येते.