पित्ताशयाचे स्थूल परीक्षण

शस्त्रक्रियेने काढलेल्या अवयवाचे डोळ्यांनी व स्पर्शाने निरीक्षण, त्याचे विच्छेदन आणि सूक्ष्मदर्शकासाठी तुकड्यांची निवड, या तिन्हींना मिळून येथे ‘स्थूल परीक्षण’ म्हटले आहे.

पित्ताशयाचे लांबीने तीन भाग पडतात: तळ, काय व ग्रीवा. ग्रीवेपुढे नलिका. दुसरा भेद पृष्ठांचा असून विच्छेदनात तोच निर्णायक आहे: (१) उदरावरणाने झाकलेले, चकचकीत पृष्ठ; (२) यकृताला चिकटलेले, आवरणरहित, खरबरीत पृष्ठ. दुसरे पृष्ठ शल्यविशारदाने यकृतापासून सोडवलेले असते, म्हणून ती छेदसीमा होय. छेदसीमा फाडून तपासता येत नाही. यास्तव पित्ताशय चकचकीत बाजूने, तळापासून ग्रीवेपर्यंत उघडावे. अर्बुदाची शंका असल्यास खरबरीत बाजूस आधी शाई लावावी. नलिकेचे टोक शस्त्रक्रियेतली क्लिप काढून आडवे कापावे व स्वतंत्र कॅसेटमध्ये ठेवावे.

उघडण्यातला विलंब मात्र घातक. न उघडलेल्या पिशवीत 10 टक्के फॉर्मॅलिन धड पोहोचत नाही आणि आतले पित्त श्लेष्मल पटल विरघळवत राहते. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केवळ छाया दिसते.

पित्ताशयातले खडे मोजण्यात नवशिक्याचा वेळ जातो. त्यांचा रंग व प्रकार नोंदवला की पुरे. लक्ष भित्तीवर हवे. पटल सामान्यतः हिरवट व मखमली असते. कोलेस्टेरॉल साचल्यास त्यावर पिवळे ठिपके उमटतात. भित्तीची जाडी सामान्यतः 1 ते 2 मिलिमीटर. सर्वत्र सारखी वाढलेली जाडी बहुधा जुनाट दाहाची. एकाच जागी वाढलेली, कठीण व छेदावर पांढुरकी जाडी संशयास्पद. कर्करोग येथे पुष्कळदा गाठ न होता असाच पसरतो आणि डोळा चुकतो तेथे भित्तीवरून फिरवलेले बोट अडते. तथापि पीतकणिकामय दाहही हेच रूप घेतो, म्हणून निर्णय सूक्ष्मदर्शकाचाच.

नेहमीच्या नमुन्यातून नलिकेचे टोक, ग्रीवा, काय व तळ यांचे तुकडे पुरतात. त्यांत अनपेक्षित कर्करोग आढळल्यास प्रश्न खोलीचा होतो. अर्बुद पटलाच्या संयोजी थरातच असून नलिकेची सीमा मुक्त असेल, तर झालेली शस्त्रक्रिया सामान्यतः पुरेशी ठरते. स्नायुस्तरात शिरले असल्यास पुढील शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. स्नायूपलीकडे गेलेल्या अर्बुदाची बाजूही सांगावी लागते, कारण 2017च्या आठव्या आवृत्तीपासूनच्या अमेरिकी वर्गीकरणात उदरावरणाकडील व यकृताकडील प्रसार वेगळे मोजतात. ही उत्तरे पहिल्या चार तुकड्यांतून क्वचितच मिळतात. उरलेल्या भित्तीतून पुन्हा तुकडे घ्यावे लागतात, म्हणून अंतिम अहवाल जाईपर्यंत नमुन्याची बरणी रिकामी करू नये.