उन्हातले पिल्लू आणि मुडदुसाचा शोध

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात जळगावला मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्या मुलाने मोठ्या हौसेने ग्रेट डेन जातीचे पिल्लू आणले होते. वय साडेतीन महिने. अंगाने भरलेले, पण पुढचे पाय मनगटाशी जाड झालेले आणि कमानीसारखे वाकलेले. चार पावले चालून ते खाली बसे. खाणे काय, तर दोन्ही वेळा दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी. घर शाकाहारी, तेव्हा त्यापलीकडे काही मिळण्याचा प्रश्न नव्हता.

मी पडलो जैवरसायनशास्त्राचा माणूस. मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्वाची उणीव आणि ड जीवनसत्त्व म्हणजे सूर्यप्रकाश, हे समीकरण तोंडपाठ. “रोज सकाळी तासभर त्याला उन्हात बांधत जा,” असे मी सांगून टाकले. भाऊ हसला. म्हणाला, “दादा, हे दिवसभर अंगणातच असतं. जळगावात ऊन कमी पडतं असं सांगणारा तूच पहिला.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे ग्रंथालयात ते शोधत बसलो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा एक वाद हाती लागला. त्या वादाच्या मध्यभागीही कुत्र्याची पिल्लेच होती.

आधी पिल्लाच्या वाढीचा वेग लक्षात घेऊ. जन्मतः पिल्लू आंधळे व बहिरे असते. स्वतःच्या अंगाची ऊबही त्याला राखता येत नाही, म्हणून ते आईला आणि भावंडांना चिकटून पडून असते. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांनी कान. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात दिसू लागतात आणि पिल्लू धडपडत चालू लागते. जन्माचे वजन साधारण आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. माणसाच्या बाळाला यासाठी चार-पाच महिने लागतात. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः अर्धा ते पाऊण किलोचे असते आणि दीड वर्षात त्याचा साठ किलोंचा कुत्रा होतो, म्हणजे सुमारे शंभरपट. आपण तीन किलोंपासून साठ किलोंपर्यंत, म्हणजे वीसपट, जातो. तेही अठरा वर्षांत. हा वेग झेपावा म्हणून कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि सुमारे दुप्पट कॅल्शियम असते.

हाड लांबीने वाढते ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. तेथे नवी कूर्चा तयार होते आणि मागून तिच्यात कॅल्शियम व फॉस्फेटचे क्षार साठून ती कडक होते. क्षार साठले नाहीत तर कूर्चा नुसतीच वाढत राहते, सांध्याशी गाठ दिसते आणि मऊ हाड शरीराच्या भाराने वाकते. हाच मुडदूस. वर्गात हे दाखवायचे असेल तर कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून आठवडाभर शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून ठेवावे. क्षार विरघळून जातात आणि हाड रबरासारखे वाकते. हाडातून क्षार काढले काय किंवा मुळात भरलेच नाहीत काय, वाकणे सारखेच. साहजिकच, जो जीव जितक्या वेगाने वाढतो तितका हा रोग त्याच्यावर लवकर उमटतो. उपाशी, खुरटलेल्या पिल्लात तो फारसा दिसत नाही. धष्टपुष्ट पिल्लात दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील औद्योगिक शहरांत मुलांचे वाकलेले पाय हे नेहमीचे दृश्य होते. कारण मात्र कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदुसाने दगावत. १८८९ साली ब्लँड-सटन या शल्यविशारदाने त्यांच्या नुसत्या मांसाच्या आहारात हाडांचा चुरा, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल घालायला लावले, आणि छावे सुधारले. पुढच्याच वर्षी पाम नावाच्या डॉक्टरांनी अगदी वेगळी दिशा दाखवली. जपानात काही काळ राहिलेल्या या गृहस्थांनी आशियातल्या मिशनरी डॉक्टरांकडून पत्रांनी माहिती गोळा केली आणि ठामपणे लिहिले, की जेथे ऊन आहे तेथे मुडदूस नाही. दोन्ही गोष्टी छापून आल्या आणि दोन्हींकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष झाले.

मग आखाड्यात पिल्ले आली. ग्लासगोच्या लेनर्ड फिंडले यांनी १९०८ साली असे मांडले, की कोंडून ठेवलेल्या पिल्लांना मुडदूस होतो, मोकळी हिंडणारी पिल्ले वाचतात; तेव्हा कारण म्हणजे कोंडमारा आणि हालचालींचा अभाव. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात किंग्ज कॉलेज फॉर विमेन येथे पिल्लांना वेगवेगळे आहार देऊन पाहिले. ‘लॅन्सेट’मध्ये १९१९ साली त्यांनी निष्कर्ष दिले. पाव किंवा ओटची लापशी आणि थोडे दूध यांवर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकतात. त्याच आहारात कॉड माशाचे तेल घातले की वाकत नाहीत. जवसाचे तेल घातले तर काही उपयोग नाही. क्ष-किरणांची छायाचित्रे आणि हाडांतील कॅल्शियमची मोजमापे त्यांनी सोबत जोडली. या प्रयोगांत कितीतरी पिल्लांचा जीव गेला, हेही येथे नोंदवले पाहिजे. आज तसे प्रयोग तितक्या सहज करता येणार नाहीत.

लंडनचे म्हणणे आहार, ग्लासगोचे म्हणणे कोंडमारा. प्राणी एकच, निष्कर्ष दोन.

अशा वेळी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून एक साक्ष आली. धुळ्याला लागून असलेल्या नाशिकमध्ये हचिसन आणि शाह यांनी मुडदुसाची पाहणी केली आणि ती १९२२ साली प्रसिद्ध केली. त्यांना आढळले ते इंग्लंडच्या नेमके उलटे. चांगले खाणाऱ्या, पण घराच्या आत, पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांत मुडदूस होता. शेतात राबणाऱ्या, जेमतेम खाणाऱ्या गरिबांच्या घरांत तो नव्हता. आईने बांधाच्या कडेला निजवलेल्या पोराला तूप-लोणी मिळत नव्हते, ऊन मात्र भरपूर मिळत होते. मुडदुसाच्या इतिहासात नाशिकचे नाव आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे आलेले मी पाहिले नाही. यायला हवे होते.

तोवर बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला होता. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलम यांनी कॉडच्या तेलातील अ जीवनसत्त्व हवा आणि उष्णता यांनी नष्ट केले. तरीही उरलेले तेल मुडदूस बरा करत होते. त्या दुसऱ्या घटकाला ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. १९३० च्या दशकात उलगडा पुरा झाला. त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचे द्रव्य असते, अतिनील किरणांनी त्याचे ड जीवनसत्त्व बनते. म्हणजे वाटा दोन: एक तोंडातून, एक कातडीतून. लंडनच्या मुलांना दोन्ही बंद होत्या. नाशिकच्या शेतमजुराच्या मुलाला दुसरी उघडी होती.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र यात नाही. उलट प्रश्न जास्तच बोचतो. पिल्लाला दुसरी वाट सताड उघडी होती, मग पाय का वाकले?

उत्तर १९९४ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्ट येथून आले. हाऊ, हाझेविंकेल आणि मोल यांनी उंदराच्या, कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीवर अतिनील किरण सोडले. उंदराच्या कातडीत ड जीवनसत्त्व भराभर तयार झाले. कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीत म्हणण्यासारखी वाढ झालीच नाही, कारण लागणारा कच्चा मालच तेथे फार थोडा असतो. शिकार करून खाणाऱ्या प्राण्याला यकृत, चरबी यांतून ड जीवनसत्त्व तयारच मिळत आले. ते स्वतः बनवण्याची गरज उरली नसावी. कुत्र्याला दुसरी वाट जवळजवळ नाहीच.

आता जुना वाद पुन्हा वाचला तर गंमत वाटते. मेलनबींनी कुत्रा निवडला म्हणून आहाराचा परिणाम इतका स्वच्छ दिसला. उन्हात फिरवलेला उंदीर वापरला असता तर सगळा गोंधळ झाला असता. फिंडले यांची पिल्ले बाहेर हिंडून वाचली ती व्यायामाने किंवा उन्हाने नव्हे. बाहेर हिंडणारे पिल्लू दिवसभरात काय काय तोंडात घालते, याचा हिशेब कोण ठेवणार? मुलांना कोंडून ठेवू नये हे ग्लासगोचे म्हणणे खरे होते, पण ते सिद्ध करायला त्यांनी नेमका चुकीचा प्राणी घेतला होता.

भाकरीचाही वाटा आहेच. ओटमुळे मुडदूस सर्वांत वाईट का होतो, हे कोडे मेलनबींना वीस वर्षे छळत होते. १९३९ मध्ये हॅरिसन यांच्यासह त्यांनी दाखवले, की धान्यातील फायटिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते आणि शरीरात शोषू देत नाही. बाजरी आणि ज्वारी यांतही ते असते. भिजवण्याने, आंबवण्याने ते कमी होते. बिबड्यांसाठी आपल्याकडे ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालतात, तेव्हा नकळत हेच घडते. ताज्या भाकरीत घडत नाही. मग गावातली कुत्री भाकरीवरच धडधाकट कशी राहतात? एक तर त्यांची चण लहान, म्हणून हाडांची मागणीही कमी. शिवाय ती भाकरीवरच राहतात हा आपला समज. साक्रीकडच्या ठेलाऱ्यांच्या कळपामागे धावणाऱ्या कुत्र्याला व्यालेल्या मेंढीची वार, मेलेले कोकरू, ससा, काही ना काही मिळून जाते. बंगल्याच्या फाटकाआडच्या पिल्लाला ते मिळत नाही.

मावसभावाने मधल्या काळात कॅल्शियमची बाटली आणून चमच्याऐवजी पेल्याने पाजायला सुरुवात केली होती. तीही चूकच. ग्रेट डेन पिल्लांवरच १९८५ साली उट्रेख्टच्या त्याच हाझेविंकेल यांनी दाखवले आहे, की लहान पिल्लाला आतड्यातून येणारे जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि जादा कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते. त्याआधी, १९७४ मध्ये, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या पिल्लांना भरपेट आणि मोजके असे दोन प्रकारे खाऊ घातले होते. हाडांचे विकार भरपेट खाणाऱ्यांत जास्त निघाले.

शेवटी पशुवैद्यांनी भाकरी आणि बाटली दोन्ही बंद केली, वाढत्या मोठ्या पिल्लांसाठी बनवलेले खाद्य मोजून द्यायला सांगितले, आणि घराच्या सोवळ्याला मुरड घालून रोज एक उकडलेले अंडेही. दोन महिन्यांनी पिल्लू जिना चढू लागले. उजवा पाय सरळ झाला, डावा थोडा वाकडा राहिला. ऊन लागले की ते अंगणातून उठून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जाऊन पडते, असे भावाने पत्रात लिहिले होते.